पाव इंजिन

भाऊकाकांचं इंजिन पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "आणि रूळ कुठे आहेत?" रूळ नाहीत. हे रेल्वेचं इंजिनच नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेतांतून जे वाफेचं इंजिन आपल्याच चाकांवर गडगडत जायचं, मळणीयंत्र फिरवायचं, ओझी ओढायचं, त्या ट्रॅक्शन इंजिनाचं हे चालतं मॉडेल. त्याचं भावंड आपल्याकडे मागच्या पिढीनं पाहिलंय: रस्त्यावर खडी दाबणारा वाफेचा रोलर. एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीच्या रोलरवर पुढे मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा असायचा, तो काहींना आठवत असेल.

घोड्याची आणखी एक गंमत आहे. सुरुवातीच्या काही ट्रॅक्शन इंजिनांपुढे खराखुरा घोडा जुंपलेला असे. ओढायला नव्हे, नुसता वळवायला! इंजिन आपल्या बळावर चालायचं, दिशा घोडा दाखवायचा. आणि आमच्या बडोद्यात नेमकं उलटं. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम छोट्या गेजची रेल्वे घातली. रूळ होते, डबे होते, आणि ओढायला बैल. रूळ हलके, त्यांना इंजिनाचं वजन सोसेना. पुढे जड रूळ टाकले तेव्हा कुठे बैल सुटले. तिकडे रुळांवाचून इंजिन, इकडे इंजिनावाचून रूळ.

काका कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत शिकले, मकरपुऱ्याच्या टूलरूममध्ये जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर मांजलपूरच्या घरी गॅरेजमध्ये लेथ आणून बसवला. मोटार तेव्हापासून उन्हात. इंजिनाचे ओतीव भाग इंग्लंडहून मागवले. कस्टमनं त्यावर काय लावलं ते काकूंना अजून कळलेलं नाही. प्रमाण फुटाला तीन इंच, म्हणजे लांबी मूळच्या पाव. पण लांबी पाव झाली की वजन पाव होत नाही, चौसष्टावा हिस्सा होतं. दहा टनांचं धूड दीडशे किलोंवर येतं. तरी मागे ट्रॉली जोडून काका तीवर बसले की ते त्यांना सोसायटीभर फिरवतं. गेटपाशी एखादा पोरगा विचारतोच, "काका, आजे गाडी काढवानी छे?" मग तो पुढे धावत कुत्री हाकलतो. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्यानं अशा इंजिनापुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवणं सक्तीचं होतं. वेग गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. काका दोनच्या वर जात नाहीत. स्टिअरिंगचं चाक साखळी ओढतं, आणि कोपरा वळायचा तर ते इतक्या वेळा फिरवावं लागतं की घाई करणाऱ्याचं हे कामच नव्हे.

मला मात्र त्याच्या चालण्यापेक्षा पेटवणं बघायला आवडतं. बॉयलर म्हणजे आपला जुना तांब्याचा बंबच: मधून जाळ, भोवती पाणी. फक्त बंबात एकच नळी असते, इथे आग बारीक बारीक नळ्यांतून धुराड्याकडे जाते, म्हणजे पाण्याला तापायला जास्त अंग मिळतं. आणि बंब वरून उघडा, हा बंद. रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा आधी, धुराड्यावर हवा खेचायला छोटा पंखा, मग अर्ध्या इंचाचे दगडी कोळशाचे तुकडे. अर्ध्यापाऊण तासात वाफेच्या दाबाचा काटा हलतो.

आणि इथेच खरी मेख आहे. लोखंड पाव करता येतं, पितळ पाव करता येतं. आग, पाणी आणि वाफ यांना पाव व्हायचं मुळीच ठाऊक नाही. काट्यावरचे चौरस इंचाला शंभर पौंड हे पूर्ण शंभर पौंडच. त्या दाबाखाली पाणी १७० अंशांच्या आसपास उकळतं, इंजिन कितीही गोंडस असो. म्हणून तांब्याला चांदीचा टाका, आणि आग लावण्याआधी थंड पाणी भरून दुप्पट दाबाची चाचणी. पाणीच का? ते दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर स्फोट होत नाही, नुसती पिचकारी उडते.

शेगडी मूळच्या सोळाव्या हिश्शाची. मोठ्या इंजिनावर कोळसा टाकणारा थोडी गप्पाटप्पा करत असेल. इथे दोन-चार मिनिटांत विस्तव मान टाकतो, की काका बोटभर फावडं घेऊन वाकलेच. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळीही लहान, आणि इतक्या अरुंद नळीत पाणी कडेला चिकटतं, बुडबुडा मधेच अडतो, नळी चक्क खोटं बोलते. काका तिचा कॉक उघडून वाफ सोडतात आणि पाणी परत वर चढलं की मगच विश्वास ठेवतात. कारण पाणी खाली गेलं आणि शेगडीवरचं तांबं उघडं पडलं, तर खेळ तिथेच संपला.

काचेच्या कपाटात ठेवलेली चकाकती मॉडेलं मला म्हणूनच कधी रुचली नाहीत. त्यांच्या चाकांना धूळसुद्धा लागत नाही.

परवा काकूंच्या माहेरून मक्याची वाळलेली कणसं आली. काकांनी गिअर सोडवला, फ्लायव्हीलवर, म्हणजे बाजूच्या जड चाकावर, पट्टा चढवून तो हातानं फिरवायच्या दाणे काढायच्या यंत्राला जोडला. कणीस आत गेलं की इंजिनाला ओझं जाणवायचं, वेग मंदावायचा, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचे फिरते गोळे खाली बसायचे आणि वाफेचा मार्ग आपोआप मोठा व्हायचा. जेम्स वॅटनं १७८८ साली हीच युक्ती इंजिनावर बसवली. कणीस संपलं की गोळे परत वर. मी त्या गोळ्यांकडेच बघत बसले. दाणे सगळीकडे उडत होते, ओट्यावर, काकूंच्या तुळशीत.

"अहो, एवढ्यात मी हातानं दोन टोपल्या सोलल्या असत्या," काकू म्हणाल्या.

"अगं, पण कोळसा किती कमी लागला बघ," काका म्हणाले आणि आणखी एक फावडं आत टाकलं.