डॉक्टर बदलले एका दिवसात, फाइल मिळायला एकोणीस दिवस

दुसऱ्या गरोदरपणात डॉक्टर बदलायचं मी एका संध्याकाळी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन ठिकाणी नाव घातलं. जुन्या हॉस्पिटलमधून माझीच फाइल मिळवायला मात्र एकोणीस दिवस लागले. त्यामुळे हा अनुभव डॉक्टरांचा कमी आणि फाइलचा जास्त आहे, हे आधीच सांगते. राग अजून गेलेला नाही.

पहिल्या वेळी माझं सिझर झालं होतं. रात्री, घाईघाईत, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून. माझ्या नेहमीच्या मॅडम त्या रात्री नव्हत्या, ड्युटीवर जे डॉक्टर होते त्यांनी ऑपरेशन केलं. बाळ ठणठणीत, मी ठणठणीत, विषय संपला. साडेतीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा त्याच मॅडमकडे गेले. दुसरीकडे जावं असं मनातसुद्धा आलं नाही.

सव्विसाव्या आठवड्यात मी विचारलं, "मॅडम, या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का?" मॅडम कार्डावर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा सिझर म्हणजे सिझर. 39 आठवडे 2 दिवसांची तारीख देऊन ठेवते." तारखेभोवती पेनाने गोल केला आणि बेल वाजवली. मी पुढचं विचारायला तोंड उघडेपर्यंत दुसरी पेशंट खुर्चीशी येऊन उभी होती.

घरी नवरा म्हणाला, "त्यांना कळतं ना?" कळत असेलच. मग मलाही थोडं कळू दे की! आईचं म्हणणं, "आता सातव्या महिन्यात कसली नवी खुळं!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यातही एक मत होतं.

मी एकदम तडकाफडकी निघाले असं नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तीन प्रश्न कागदावर लिहून नेले. पहिला: मागच्या वेळी गर्भाशयावर छेद कसा घेतला होता? मॅडम म्हणाल्या, "आडवाच असतो हो, सगळ्यांचा आडवाच असतो." फाइल उघडली नाही. उरलेले दोन प्रश्न मी पर्समध्येच ठेवले. त्याच संध्याकाळी ठरलं.

इथे एक स्पष्ट करते, कारण मैत्रिणी मला विचारतात आणि मी सगळ्यांना "बदला" असं सांगत नाही. दोन-दोन तास बसवून ठेवतात, रिसेप्शनवरची बाई तुसडी बोलते, डॉक्टर हसत नाहीत, एवढ्यावरून बदलू नका. ते नवीन ठिकाणीही भेटेल. मला तर नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी अडीच तास बसावं लागलं. प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं का, आणि उत्तर तुमची फाइल बघून दिलेलं असतं का, एवढंच बघा. आणि आधी एकदा सरळ विचारून बघा. "मॅडम, मला हे नीट समजलेलं नाही, पाच मिनिटं देता का" असं म्हटल्यावर कित्येक डॉक्टर पेन खाली ठेवतात. माझ्या मॅडमनी नाही ठेवलं, तो भाग वेगळा.

नवीन डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला आणि वार (प्लॅसेंटा) कुठे आहे ते बघितलं. आधी सिझर झालेलं असलं की वार खाली, जुन्या व्रणावर चिकटलेली नाही ना, हे बघावं लागतं म्हणे. माझी वर होती. मग त्यांनी समजावलं. आधीचा एकच छेद असेल आणि तो गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना ते जमतं. प्रयत्नात व्रण उसवण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, पण उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून कळा चालू असताना बाळाचे ठोके सतत बघावे लागतात आणि ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, रक्त हे सगळं हाताशी लागतं. छेद वरपर्यंत उभा गेलेला असेल तर हा धोका बराच वाढतो आणि मग सहसा प्रयत्न करत नाहीत.

"माझे टाके आडवे आहेत," मी म्हटलं.

"ते पोटावरचे. कातडीवर आडवा आणि आत उभा, असंही असतं. मला ऑपरेशनची नोंद आणून द्या. ती बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

मला वाटलं, एक कागद तर आणायचा आहे.

रेकॉर्ड रूम तळघरात. खिडकीला काच आणि काचेला खाली एक अर्धगोल भोक, अशा उंचीवर की बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात कमरेत वाकणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. मी काचेला कान लावून उभी, आतले दादा भोकातून बोलणार, मग मी वाकून भोकात बोलणार. शेजारच्या लाइनमधल्या एका आजीबाईंनी मला स्वतःचं स्टूल दिलं. अख्ख्या एकोणीस दिवसांत तळघरात कोणी केलेली ही एकमेव मदत.

पहिला हेलपाटा फॉर्मचा. फॉर्ममध्ये "कारण" असा रकाना आणि त्यात चार पर्याय: विमा, न्यायालय, नोकरी, इतर. मी "इतर"वर खूण केली. "इतर म्हणजे काय?" म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय. दादांनी फॉर्म उलटा केला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं: उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही. म्हणजे ज्यांना सोडून चालले त्यांचीच सही आणायची! कोणाला न दुखावता गुपचूप कागद न्यायचा माझा बेत तिथेच फसला.

चार दिवस मी ती सही टाळली. काय काय बहाणे रचले! गावाला जातेय, विम्याला लागतंय, नवऱ्याला हवंय. शेवटी गेले आणि खरं सांगितलं, "मॅडम, मी दुसरीकडे दाखवणार आहे." मॅडमनी सही केली, "बरं" म्हणाल्या. दहा सेकंदं. त्या दहा सेकंदांसाठी मी चार रात्री कूस बदलत काढल्या. डॉक्टरांना पेशंट जाण्याची सवय असते. लाज धरून दिवस घालवू नका, तुमचे आठवडे मोजलेले असतात.

दुसरा हेलपाटा: सही आहे, शिक्का नाही. तिसरा: शिक्का आहे, पण दादा रजेवर, आणि त्यांच्याशिवाय कपाटाची किल्ली कोणाकडे नाही. चौथ्या वेळी दादा होते, किल्ली होती, फाइल नव्हती. "मॅडम, या तारखेला तुमच्या नावाची नोंदच नाही." कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. खरंच नव्हती. मी हबकले. सिझर झालं होतं की नाही अशी मलाच शंका यायला लागली, पोटावर टाके असताना!

त्या दिवशी घरी येऊन मी मुलाच्या जन्माचा कागद काढून बसले. जन्म रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी. मी फॉर्ममध्ये मुलाच्या वाढदिवसाची तारीख लिहिली होती, आणि दाखल झाले होते आदल्या संध्याकाळी! फाइली लागतात दाखल झाल्याच्या तारखेने. साडेतीन वर्षं ज्या तारखेला केक कापतोय ती रेकॉर्ड रूमच्या दृष्टीने चुकीची. हे त्या दादांना सुचू नये? रोज हेच काम करतात! एक दिवस मागे जाऊन बघायला कितीसा वेळ लागतो?

पाचव्या वेळी तारीख दुरुस्त केली, फाइल निघाली, झेरॉक्स मिळाली. बंद पाकीट घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आले. रिक्षात पाकीट फोडलं. आत दोन पानं, माझं डिस्चार्ज कार्ड. जे माझ्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत साडेतीन वर्षं जपून ठेवलेलं होतं! त्यावर ऑपरेशनबद्दल एकच शब्द: एलएससीएस. म्हणजे खालच्या भागावरचं सिझेरियन, बस्स. मी रिक्षा वळवायला सांगितली.

या वेळी मी वाकले नाही. उभ्याउभ्याच काचेवर टकटक केलं आणि दादांना बाहेर बोलावलं. आवाज चढला होता, नाकारत नाही. "दादा, मला पूर्ण फाइल हवी. ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, कळांचा तक्ता, सगळं." दादा शांतपणे म्हणाले, "मग तसं लिहायचं ना मॅडम. तुम्ही 'डिलिव्हरीचे पेपर' लिहिलंय." फॉर्म बघितला. तसंच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.

तेव्हा अर्जात काय लिहायचं ते नीट ऐका: ऑपरेशन नोट, अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्ड (भुलीची नोंद), पार्टोग्राम (कळांचा तक्ता), डिस्चार्ज समरी, रक्तगटाचा रिपोर्ट. एकेक नाव वेगळं लिहा. तारीख दाखल झाल्याची. अर्जाची एक प्रत पोच म्हणून शिक्का मारून घ्या. आणि हे सगळं डॉक्टर बदलायच्या आधीच करा. खरं तर बदलायचं नसलं तरी करा. मूळ फाइल हॉस्पिटलची असते, पण तुमच्या पोटात काय केलं ते तुम्हाला माहीत असायला नको?

पानं हातात आली तेव्हा एकतिसावा आठवडा उजाडला होता. ऑपरेशन नोट दीड पान, डॉक्टरी अक्षर. मला त्यातलं "बाळ" आणि "टाके" सोडून काही लागलं नाही. नवीन डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि ते थांबले. मग औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी एक उलटं नासपती काढलं, म्हणजे गर्भाशय. खाली एक आडवी रेघ मारली, आणि त्या रेघेच्या मधून वर जाणारी उभी रेघ. त्या रात्री आडव्या छेदातून बाळ निघत नव्हतं म्हणून मधोमध वरच्या बाजूला छेद वाढवावा लागला होता. उलटा टी.

म्हणजे नॉर्मलचा प्रयत्न नाही. सिझरच.

नवरा जिन्यात म्हणाला, "मग मॅडम तेच तर सांगत होत्या!" मी एक शब्द बोलले नाही. खाली येईपर्यंत त्याच्याच लक्षात आलं. मॅडमनी तारीख दिली होती 39 आठवडे 2 दिवस. असा छेद असताना कळा सुरू होण्याचीच वाट बघायची नसते, नवीन डॉक्टरांनी सदतीस आठवडे झाल्यावर लगेचची तारीख दिली. मधल्या दिवसांत घरी कळा सुरू झाल्या असत्या तर? तो विचार मी तेव्हा केला नाही, आता करते, बहुतेक रात्री तीन वाजता बाळाला पाजताना.

बाकी सगळं सरळ झालं. 37 आठवडे 4 दिवसांना ऑपरेशन, मुलगी, तिसऱ्या दिवशी मी वऱ्हांड्यात चालत होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राहिलेलं आठवेल तसं लिहिते. माझा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन देतात; अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराचं ते या बदलाबदलीत राहूनच जाणार होतं. नवीन डॉक्टरांना वाटलं जुन्यांकडे झालं असेल. नर्सने कार्ड चाळताना विचारलं म्हणून कळलं. तेव्हा बदलताना काय झालं याच्या यादीबरोबर काय व्हायचं राहिलंय तेही विचारून घ्या.

ड्यू डेट दोन ठिकाणी दोन सांगितल्या तर गोंधळू नका, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची धरतात. तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. छत्तिसाव्या आठवड्यानंतर पुष्कळ डॉक्टर नवीन पेशंट घ्यायला नाखूश असतात, म्हणून डळमळत असाल तर त्याआधी डळमळा. नवीन डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, रात्री मी आले तर ऑपरेशनला कोण असेल? मी पहिल्या वेळी हे विचारलं नव्हतं.

आणि जुन्या ठिकाणची तारीख आठवणीने रद्द करा. मी ती साफ विसरले. मुलगी अकरा दिवसांची असताना जुन्या हॉस्पिटलमधून फोन आला, "मॅडम, उद्या तुमचं सिझर आहे. रात्री बारानंतर काही खाऊ नका, आणि येताना जुनी फाइल घेऊन या."