उताऱ्यात काय लिहिलंय?

आज दुपारभर भाचीसोबत क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सरावाचे उतारे सोडवले. नाशकातल्या गंगापूर रोडची अभ्यासिका गच्च भरलेली, पंखे गरगरत होते, पण पोरं मान वर करत नव्हती. खूप बरं वाटलं.

एक उतारा कांदा निर्यातबंदीवर होता. भाची लासलगावकडची, घरी कांद्याची चाळ. प्रश्न होता, लेखकाच्या मते बंदीचा परिणाम काय? तिने झटकन 'सर्वच शेतकऱ्यांचं नुकसान' यावर खूण केली. लेखक बोलत होता ते फक्त साठवणुकीची सोय नसलेल्यांबद्दल.

"मावशी, पण आमचं झालंच ना नुकसान!"

झालंच गं. पण इथे विचारलंय लेखकाचं म्हणणं. आपण भोगलेलं बाजूला ठेवून समोरचा काय म्हणतोय ते ऐकणं किती अवघड असतं! वकिलीत तर रोज तेच करायचं.

2020 पासून क्लॅटचे सगळेच विभाग उताऱ्यांवर आहेत. आता 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात, चुकलं की पाव गुण वजा. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तोच लावायचा. आधी प्रश्न वाचा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. उतारा आधी एकदा सलग वाचावा, लेखक कुठे वळला तिथे रेघ मारावी.

संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक उत्तराची ओळ बोट ठेवून दाखवायला लागली. नाशकात अजून कुणी तयारी करत असेल तर सांगा, रविवारी एकत्र बसू.