स्टेव्हियावरचा आळ

त्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या कागदांवर ‘स्टेव्हिया ॲलर्जी’ असा शेरा आधीच पडलेला होता. साखर सोडली होती. त्याऐवजी स्टेव्हियाची, म्हणजे गोड पानांच्या एका झुडपाची, पावडर घातलेलं पेय मोठा ग्लासभर प्यायल्या आणि दीड-दोन तासांत अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, छातीत घरघर. तातडीच्या विभागात ॲड्रेनलिन वेळेवर मिळालं म्हणून निभावलं. बाईंना परागकणांची ॲलर्जी जुनीच, आणि स्टेव्हिया सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली. हे दोन धागे जुळवून कोणीतरी निदान करून टाकलं.

मला ते पटेना. पानं वेगळी आणि शुद्ध केलेला अर्क वेगळा. अर्कात स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड्स, म्हणजे पानांतली गोडी देणारी द्रव्यं, असतात, परागाशी जुळणारी प्रथिनं जवळपास उरत नाहीत. 2007 मध्ये जपानमधून इसब असलेल्या बाळांना स्टेव्हियोसाइडची (त्यातल्याच एका द्रव्याची) तीव्र प्रतिक्रिया आल्याची नोंद झाली आहे, ती मी नाकारत नाही. पण पक्की सिद्ध झालेली उदाहरणं फारच थोडी.

बाईंना डबा घेऊन यायला सांगितलं. पुढे भलंमोठं हिरवं पान. मागच्या बारीक अक्षरांत पहिलंच नाव एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो एक वेगळाच गोड पदार्थ; स्टेव्हिया अगदी शेवटी. गणित साधं आहे: स्टेव्हियाचा अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, चमचाभर साखरेच्या गोडीला जेमतेम पंधरा-वीस मिलिग्रॅम पुरतो. उरलेला चमचा कशाने तरी भरावाच लागतो. एरिथ्रिटॉल द्राक्षांत, नासपतीत अंशमात्र असतं. डब्यातलं मात्र ग्लुकोज यीस्टने आंबवून बनवतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द पाहिला की शिकलेली माणसंसुद्धा डबा उलटा करून बघत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

हातावर टोचून केलेली चाचणी दोन्ही पदार्थांना निगेटिव्ह. तुलनेसाठी मुद्दाम टोचलेल्या हिस्टामिनची गांधी छान उठली होती, म्हणजे चाचणीत खोट नव्हती. एक सहकारी म्हणाले, “निगेटिव्ह आलं ना, मग सोडा.” एरिथ्रिटॉलच्या बाबतीत असं सोडून चालत नाही. रेणू अगदी चिमुकला, रेणुभार 122; इतक्या लहान रेणूची ॲलर्जी त्वचेच्या चाचणीत दिसेलच असं नाही. नोंद झालेल्या रुग्णांमध्येही ही चाचणी अनेकदा कोरी आली आहे. खात्री करायची तर देखरेखीखाली खाऊ घालूनच.

त्या तयारीचा मला अभिमान आहे. एका दिवशी स्टेव्हिया, एका दिवशी एरिथ्रिटॉल; कोणता दिवस कशाचा हे बाईंना कळू नये आणि मलाही कळू नये, अशी ती चाचणी. पण एरिथ्रिटॉल जिभेवर विरघळताना गारवा देतं, म्हणजे पहिल्याच घोटाला बिंग फुटणार! हा गारवा विरघळण्याच्या क्रियेतला असतो. म्हणून सिस्टरांनी ते आधीच कोमट पाण्यात पूर्ण विरघळवलं, निवू दिलं आणि स्टेव्हियाची किंचित कडवट चव झाकायला दोन्ही दिवसांच्या पेल्यांत लिंबू पिळलं. अँटिहिस्टामिन हे ॲलर्जी दाबणारं औषध आधीच बंद केलेलं, शिरेत सुई लावलेली, ॲड्रेनलिन हाताशी. सुरुवात अगदी थोड्यापासून, मग वाढवत वाढवत.

पहिला दिवस कोरा गेला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या पेल्यानंतर बराच वेळ काहीच नाही. सिस्टर आवराआवरीला लागणार, तोच बाई तळहात खाजवू लागल्या. मग मानेवर गांध्या, पाठोपाठ खोकला. खोकला ऐकताच मी मांडीत ॲड्रेनलिन दिलं. सांकेतिक क्रमांक उघडला: एरिथ्रिटॉल. स्टेव्हिया पहिल्या दिवशीच पचली होती.

सावरल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मी तर स्टेव्हिया सोडून माँक फ्रूटची, त्या दुसऱ्या गोड फळाची, पावडर आणून ठेवलीय.” पर्समधून पुडी काढली. त्या पुडीवरही पहिलं नाव तेच. चुकीच्या शेऱ्याने त्यांना सरळ त्याच पदार्थाकडे पाठवलं होतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

“थोडं चालेल का?” असंही त्यांनी विचारलं. कॉफीतली छोटी पुडी त्यांना पूर्वी सोसत होती, त्यामुळे प्रश्न रास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.5 ग्रॅम अशी मर्यादा ठरवली, पण ती जुलाब होऊ नयेत म्हणून. ॲलर्जी असलेल्याला तिचा आधार नाही. मी ‘अजिबात नको’ लिहून दिलं, ॲड्रेनलिनचं पेन दिलं आणि घटकांच्या यादीत 968 हा एरिथ्रिटॉलचा क्रमांकही बघायला शिकवलं.

‘स्टेव्हिया चालेल’ असं पत्रही जोडलं आहे. संगणकावरचा जुना शेरा मात्र तसाच आहे. ॲलर्जीची नोंद कोणीही एका मिनिटात चढवतो. उतरवायला तीन जणांच्या सह्या लागतात, आणि त्यातली एक अजून झालेली नाही.