सर, दोन फूट सहा इंच!

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा समितीचा मेसेज आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या ऑडिटमध्ये अडकलेलो, तरी लगेच हो म्हणून टाकलं. विषय दिलाय 'शाळेने मला काय दिलं'. शाळेने बरंच दिलं, पण खरं सांगायचं तर शाळा म्हटलं की मला आपले इतिहासाचे सरच आठवतात, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, त्यांच्यावर इतर लोक लिहितीलच. सरांचं नाव छापायचं नाही अशी त्यांचीच ताकीद आहे, आणि कुर्डुवाडीत 'सायकलवाले सर' एवढं म्हटलं तरी पुरतं.

आठवीत पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, आपलं गाव कुणी वसवलं? मागच्या बेंचवरून आवाज आला, "शिवाजी महाराजांनी!" इतिहासाच्या कुठल्याही प्रश्नाला आम्ही हेच उत्तर ठोकायचो, निम्म्या वेळा बरोबर यायचं. सर हसले आणि म्हणाले, जुनं गाव ते कुर्डू, आपण त्याची वाडी, आणि ही वाडी शहर झाली ती रेल्वेमुळं. 1860 च्या सुमारास मुंबईहून सोलापूरकडं जाणारी मेन लाईन इथून गेली, पण बार्शीला बगल देऊन गेली. बार्शी म्हणजे तेव्हा कापसाची, धान्याची मोठी पेठ. मग तिथला माल बैलगाडीनं सुमारे पस्तीस किलोमीटर तुडवत इथल्या स्टेशनावर यायचा, म्हणून स्टेशनाचं नाव बार्शी रोड. आपण ज्याला अभिमानानं जंक्शन म्हणतो ते आधी दुसऱ्या गावाच्या नावानं ओळखलं जायचं हे ऐकून वर्गाला जरा लागलंच ते!

आणि मग ती रुळाची गंमत. पुस्तकात औद्योगिक क्रांतीचा धडा होता, त्यात मँचेस्टर, लँकेशायर, कोळसा, सगळं लांबचं. सरांनी पुस्तक मिटलं, म्हणाले उद्या प्रत्येकानं फूटपट्टी आणायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन (हेडमास्तरांची परवानगी होती की नव्हती हे आजपर्यंत कळलेलं नाही) बार्शी लाईटच्या, म्हणजे बार्शीकडं जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या, रुळावर. दोन रुळांमधलं अंतर मोजा म्हणाले. आम्ही फूटपट्ट्या एकापुढे एक लावल्या, एकाची तुटकी होती, एकाची वाकडी, कुणी रुळाच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं, कुणी मधून, दहा जणांची दहा उत्तरं. सर काही बोलेनात. नुसतं विचारलं, "गाडीचं चाक कुठं टेकतं? त्याची कड रुळाच्या कुठल्या बाजूला असते?" मग आम्ही पालथे पडून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलं आणि ओरडलो, सर, दोन फूट सहा इंच! त्या पलीकडं मेन लाईनचे रूळ, ते साडेपाच फूट. एका स्टेशनात दोन मापं, त्यामुळं इकडची प्रत्येक गोणी तिकडं चढवायला हमाल लागायचा आणि त्यावर अर्ध्या गावाची चूल पेटायची, हे सरांनी तिथंच रुळात उभं राहून सांगितलं.

तेवढ्यात मुकादम धावत आला. "आरं ए पोरांनो, रुळात काय करताय? मिरजेची गाडी यायची हाय!" सरांनी माफी मागितली आणि लगेच त्यालाच विचारलं, मुकादम, रूळ केवढ्या वजनाचा? तो म्हणाला, पूर्वीचा एक यार्ड लांबीला तीस पौंड, मेन लाईनच्या मानानं काडीच. मग एवढं इंजिन त्यावर चालतं कसं? मुकादम म्हणाला, ते आमचं काम न्हाई, वर्कशॉपातल्या फिटरला इचारा.

माझे आण्णा वर्कशॉपला फिटर. सर त्याच संध्याकाळी सायकल घेऊन आमच्या रेल्वे क्वार्टरवर हजर. आण्णा भोंगा झाल्यावर नुकतेच आलेले, हातापायाचं ऑइल रॉकेलनं पुसत होते, सरांना बघून त्यांना वाटलं मी काहीतरी उद्योग करून ठेवलाय, माझ्याकडं असं बघितलं की बस्स. आई चहा टाकायला पळाली. सरांनी खिशातून वही काढली आणि म्हणाले मी शिकायला आलोय. आण्णा सातवी पास माणूस, मास्तर समोर बसून वहीत लिहून घेतायत म्हटल्यावर आधी बोलेचनात, मग एकदा सुरू झाले ते जेवायची वेळ झाली तरी थांबेनात. फरशीवर खडूनं त्यांनी इंजिन काढलं, ओढणारी आठ चाकं आणि मागं चार. म्हणाले, "जुन्या इंजिनाला नियम असा, वजन कितीबी असू द्या, एका एक्सलवर, म्हंजी दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनाच्या वर जाऊ द्यायचं न्हाई. डब्यालाबी तेच, मालाच्या वाघिणीलाबी तेच. बाजेवर सगळी एका कोपऱ्यात बसली तर सुतळी तुटती, पसरून बसली तर दहा जणं मावत्यात." दुसऱ्या दिवशी वर्गात सर म्हणाले, काल मी याच्या आण्णांकडं शिकवणीला गेलो होतो. पन्नास पोरांसमोर! फिटरची, हमालाची, गँगमनची पोरं आम्ही, त्या दिवसापासून घरी बापाला प्रश्न विचारायला लागलो आणि सर एकेकाच्या घरी वही घेऊन जायला लागले.

तर हे सगळं डोकं होतं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाचं. हा गडी 1882 ला भारतात आला, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला, बार्शीच्या बैलगाड्या बघितल्या आणि छोट्या रेल्वेच्या मागं लागला. 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली, इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, आणि गाडी इकडं पाठवायच्या आधी तिकडं लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली. 1897 ला बार्शीपर्यंत गाडी सुरू. मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, म्हणजे तेव्हाचं निजामाचं राज्य, आणि 1927 ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर, आणि त्याच्या मधोमध आपलं कुर्डुवाडी आणि आपलं वर्कशॉप. सरकारनं ती 1954 ला घेतली. हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम करत बसला होता, हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला ती थापच वाटली होती, नंतर मी स्वतः शोधलं तर खरं निघालं.

आषाढीला मालाच्या वाघिणीतून वारकरी न्यायचे, टपावरसुद्धा माणसं, आम्ही पोरं स्टेशनात पाणी द्यायला उभी. ते एक वेगळंच लिहिण्यासारखं आहे, पुढच्या महोत्सवाला लिहीन.

आता माझं सांगायचं तर शाळेतून आयटीआय, मग डिप्लोमा, आणि गेली बरीच वर्षं चाकणला एका फोर्जिंग कंपनीत क्वालिटी बघतो. ट्रकचे एक्सलच बनतात आमच्याकडं, योगायोग बघा. हाताखाली चाळीस पोरं आहेत, बरीचशी इंजिनिअर झालेली. नवीन बॅच आली की मी त्यांना एक पाईप देतो आणि नुसतं सांगतो 'याचं माप घ्या', कुठून कुठपर्यंत हे मुद्दाम सांगत नाही. दहा जणांची दहा उत्तरं येतात. साहेब लोकांना हे ट्रेनिंग फार आवडलं, कंपनीनं त्याबद्दल सर्टिफिकेटपण दिलं मला, पण त्यावर नाव माझं आहे, सरांचं पाहिजे होतं.

मागच्या दिवाळीत सरांना भेटून आलो. ऐकायला कमी येतं, नजर बरी आहे. मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न, "अडीच फूट म्हणजे मिलिमीटर किती रे?" मी म्हणालो सातशे बासष्ट. "पॉइंटमध्ये?" शून्य. मग म्हणाले बस.

गावात आता ती गाडी नाही. पंढरपूर लाईन मोठी झाली, मग 2008 च्या सुमारास लातूरची, शेवटी मिरजेची. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, लातूर-मुंबई रात्रीत होतं, त्याबद्दल रडणारा मी नाही, बसायला जागा नसलेल्या डब्यातून हळूहळू जाण्यात काही मजा नव्हती, ज्यांना होती त्यांनी रोज प्रवास केला नसणार. पण रूळ काढताना एक दोन यार्डाचा तुकडासुद्धा शाळेच्या अंगणात ठेवावा असं कुणाला वाटलं नाही. भंगारात गेलं सगळं. आताच्या आठवीच्या मुलांना बार्शी लाईट विचारली तर बल्बची कंपनी वाटते (माझ्या पुतण्याचं उत्तर आहे हे, थट्टा नाही). सहलीला मुलं इमॅजिकाला जातात, जाऊ देत, पण वर्कशॉपच्या गेटवरून रोज जाणाऱ्या पोराला आत कधीपासून काय चालतं हे माहीत नसावं?

आता मुद्द्याचं. सरांनी घरोघर फिरून लिहिलेल्या त्या वह्या सात-आठ तरी असतील, निळ्या पुठ्ठ्याच्या. सरांना विचारलं तर म्हणाले घर बदलताना कुणा विद्यार्थ्याला दिल्या, कुणाला ते आठवत नाही. मुकादम, फिटर, बॉयलरवाले, हमाल, सगळ्यांचं बोलणं त्यात आहे आणि त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, आमचे आण्णापण नाहीत. ज्याच्या माळ्यावर असतील त्याने कार्यक्रमाच्या दिवशी समितीच्या टेबलावर आणून द्याव्यात, नाहीतर आमच्या 'एस्सेस्सी बॅच'च्या ग्रुपवर कळवावं. स्कॅनिंगचा खर्च माझा. मूळ वह्या परत मिळतील, पुठ्ठ्यासकट.