मेळघाटातलं अर्धं ठेवलेलं पोळं

परतवाड्यापर्यंत ऊन नुसतं अंगावर येत होतं. धामणगाव गढी ओलांडून घाट चढायला लागलो आणि हवा बदलली. एप्रिल संपत आला होता. मोहाची फुलं वेचून झाली होती आणि अंगणाअंगणांत ती वाळत पडली होती. चिखलदऱ्यात कॉफी पिऊन पुढे एका कोरकू ढाण्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, उतरलो. आमच्या नागपूरच्या घरी दर उन्हाळ्यात मध येतो तो इथल्याच एका दादांकडून. यंदा तो झाडावरून उतरताना पाहायचा होता.

ओढ्याच्या काठी कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, जुनं झाड. त्याच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं होतं, चांगलं हातभर. लांबून काळं फडकं टांगल्यासारखं दिसत होतं. मधूनच त्या फडक्यावरून एक लाट सरकून जायची. माश्या एकामागोमाग एक पोट उचलून शत्रूला इशारा देतात, त्याची ती लाट. आम्हाला बरंच लांब, झुडपांच्या आड बसवलं होतं.

पूर्वी अमावास्येच्या रात्री पलिते घेऊन चढायचे. माश्या आगीत पडून मरायच्या आणि अख्खं पोळं खाली यायचं. दादा आता दिवसा चढतात. अंगात जाड पोशाख, तोंडावर जाळी, हातात ओल्या पाल्याच्या धुराची जुडी. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माश्या न मारता मध काढायची ही रीत रुजवायला फार कष्ट घेतले आहेत. आग्या माशी मध साठवते तो पोळ्याच्या वरच्या अंगाला, फांदीलगतच्या जाड भागात. अंडी आणि पिलं त्याच्या खाली. दादांनी धुराने माश्या सरकवल्या, तेवढा जाड भाग कापून बादलीत घेतला आणि उतरले.

"वरचं घेतो ताई, खालचं राहू देतो. खाली तिचे लेकरं हायेत. आता पुन्हा भरते थे."

मला या प्रवासातून सांगावंसं वाटतं ते एवढंच आहे. मध चांगला की वाईट हे बाटलीत नव्हे, तिथे फांदीवर ठरतं. अख्खं पोळं पिळलं की पिलांचा रस आणि परागही मधात उतरतात आणि तो लवकर आंबतो. दादांच्या घरी पिळत नाहीत. आजीने पोळ्याचे तुकडे सुरीने उघडले, पातेल्यावर पातळ फडकं बांधलं आणि त्यावर ठेवून दिले. रात्रभर थेंब थेंब गळू दिला. सकाळी पातेल्यात गडद, तांबूस-काळा मध होता. दादा म्हणाले, जांभळीचा. जिभेवर आधी गोड, मग घशाशी किंचित कडू.

तो पातळ होता. शहरात अशा मधाला लोक भेसळीचा म्हणतात. पण आग्या माशीच्या मधात मुळातच पाणी जास्त असतं, कित्येकदा 20 टक्क्यांच्या वर. म्हणून तो कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवायचा आणि लवकर संपवायचा. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून शुद्धता कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. आणि थंडीत मध थिजला म्हणून टाकू नका. ती त्यातली ग्लुकोजची साखर गोठते. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुरे.

न्याहारीला ज्वारीची गरम भाकर, तिळाची चटणी आणि पोळ्याचा एक तुकडा. तो तुकडा भाकरीत गुंडाळून चावायचा, मध गिळायचा आणि मेण थुंकायचं. उरलेलं मेण आजी तेलात वितळवून ठेवते, टाचांच्या भेगांसाठी.

चुलीवर हात भाजला तर आजी थंड पाणी ओतून वर मध लावते. यात तथ्य आहे. मध आम्लधर्मी असतो, जखमेतलं पाणी ओढून घेतो आणि त्यातल्या एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. पण दवाखान्यात जखमेला वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. खोल जखमेवर घरच्या बरणीतला लावू नये. खोकल्याला मात्र अडुळशाचा रस आणि मध, किंवा सुंठ आणि मध, हे मी स्वतः घेते आणि घसा निवतो.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. बारशाला, जन्मल्याबरोबर चाटवायची आपल्याकडे फार हौस. पण मधात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. दुसरी गोष्ट आईच्या अनुभवाची. तिला मधुमेह आहे. एका दुकानदाराने "मधाने शुगर वाढत नाही" असं छातीठोक सांगितलं. आई रोज दोन चमचे घेत राहिली आणि महिन्याभराने तपासलं तर साखर भलतीच चढलेली. मधाचा सुमारे 80 टक्के भाग साखरच असतो. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

घरी आल्यावर पहिलं केलं ते पन्हं. कैऱ्या भाजून गर काढला, मीठ आणि भाजलेलं जिरं घातलं, आणि गर पूर्ण निवल्यावर गुळाऐवजी मध. मध तापवू नये हे आयुर्वेद सांगतोच, पण उकळलं की त्याचा वासही जातो, आणि जांभळीच्या त्या वासासाठीच तर एवढा घाट चढले. आईच्या पेल्यात फक्त मीठ-जिरं घातलं.

निघायच्या सकाळी ओढ्याकडे पुन्हा जाऊन आले, लांबूनच. कापलेली जागा माश्यांनी झाकून टाकली होती. फांदीला ते काळं फडकं कालच्यासारखंच लटकलेलं होतं आणि त्यावरून लाट सरकत होती.