चोर्ल्यात धुकं उतरलं की

गोव्यात आलेला माणूस समुद्राकडे पळतो. पावसाळ्यात मी उलट्या दिशेला, सत्तरी तालुक्याकडे. साखळीत टाकी भरायची, केरीला अंजुणे धरण मागे टाकायचं आणि चोर्ला घाट चढायचा. केरीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढे रान अंगावर येतं. म्हादई अभयारण्य, १९९९ साली जाहीर झालेलं, सुमारे २०८ चौरस किलोमीटर. माथा आठशे मीटरच्या आसपास, म्हणून जुलैत पाऊस थांबला तरी ढग रस्त्यातच बसलेला असतो.

पहिली अडचण काचेची. काच धुरकटली की लोक फडकं काढतात. आधी बोट फिरवून बघा, ओल आत आहे की बाहेर. आत असेल तर एसी चालू, झोत काचेवर, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. चार माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला हवी ना! बाहेर असेल तर एसीने काच फार गार झालीय. गारवा कमी करा, वायपर मारा.

अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावू नका. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिप्पर, म्हणजे खालचा झोत, आणि असतील तर फॉग लॅम्प, बस्स. चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी हाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गाडी उभी आहे, चाललीय की वळतेय, मागच्याने ओळखायचं कसं?

त्याहून राग वझर, म्हणजे धबधबा, बघणाऱ्यांचा. ढग हलला की दरीपल्याड वज्र सकलाच्या दोन धारा दिसतात, दिसायलाच हव्यात. पण त्यासाठी गाडी ऐन वळणावर, अर्धी डांबरावर? वरून बेळगावची भाजी घेऊन ट्रक उतरत असतो.

उतारावर सेकंड गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर लायनर करपल्याचा वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी धरत नाही.

अंधार पडल्यावर मात्र हा घाट नको. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी खरा, पण काळ्या अंगावर डिप्परचा उजेड ठरत नाही. आधी दिसतात ते पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. हॉर्न वाजवायचा नाही, गाडी जागीच थांबवायची. एक पलीकडे गेला म्हणून लगेच गिअर टाकू नका. मागून कळप येत असतो.