शब्दाची पेरं

आख्खा ऊस तोंडात कोंबून कुणी खात नाही. पेरावर मोडायचा, सोलायचा, मग चावायचा. अकरावीला सायन्स घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासात बसलेल्या पोरांना नेमकं हेच कुणी सांगत नाही. मराठी माध्यमातून आलेलं पोरगं 'फोटोसिंथेसिस' सलग घोकतं आणि पेपरात त्यातलं एखादं अक्षर सांडून येतं.

मोडून बघा. 'फोटो' म्हणजे उजेड, 'सिन' म्हणजे एकत्र, 'थेसिस' म्हणजे मांडणं. आपलं 'प्रकाशसंश्लेषण' असंच जोडून केलेलं आहे. 'लायसिस' म्हणजे सुटणं, हे एकदा कळलं की हायड्रोलिसिस पाण्यानं तुटतं आणि इलेक्ट्रोलिसिस विजेनं. हायड्रोजन म्हणजे पाणी जन्माला घालणारा. ऑक्सिजन म्हणजे मात्र आम्ल जन्माला घालणारा! लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटलं होतं, प्रत्येक आम्लात हा असणारच. हायड्रोक्लोरिक आम्लात त्याचा टिपूस नाही, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय कुठलं?

वहीत एका शब्दाला चार ओळी द्याव्यात: स्पेलिंग, त्याची पेरं, त्याची भावंडं आणि स्वतः केलेलं एक वाक्य. शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायची सवय फार गोड असते, आणि तीच घात करते. डोळा सोप्या ओळीवर जातो, वरचं स्पेलिंग बघायचंच राहतं. मग 'झायलम'च्या सुरुवातीचा एक्स, 'न्यूमोनिया'आधी गप्प बसलेला पी आणि 'व्हॅक्यूम'मधले दोन यू परीक्षेतच भेटतात. उच्चार कानानं घ्यावा, वहीत नको. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पान हातानं झाकून ते पुन्हा लिहायचे. नुसतं वाचलं की सगळेच शब्द ओळखीचे वाटतात. गल्लीतला माणूस रोज दिसतो, नाव विचारलं की आठवत नाही, तसं.

पण खरं सांगायचं तर लांब शब्द गरीब असतात. दगा देतात ते आखूड शब्द. मास, वेट, हीट, वर्क, पॉवर. हे आधीपासून माहीत आहेत असं वाटतं, म्हणून कुणी वहीत लिहीत नाही.

मार्केट यार्डातला 30 किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घ्या. 30 किलो हे त्याचं मास, म्हणजे वस्तुमान. त्याचं वेट, म्हणजे पृथ्वी त्याला ज्या जोरानं खाली ओढते तो जोर, मात्र सुमारे 294 न्यूटन. चंद्रावर नेला तरी गूळ तेवढाच राहील, वेट 49 न्यूटनच्या आसपास उतरेल. हाच रवा 1 मीटर उचलला की 294 जूल वर्क झालं. एका सेकंदात उचलला तर पॉवर 294 वॅट, कुथत कुथत तीन सेकंदांत उचलला तर 98. वर्क तेवढंच, पॉवर तिसऱ्या हिश्श्यावर. आपण दोन्हीला 'ताकद' म्हणून मोकळे होतो.

हीट आणि टेम्परेचर शिकायला गुऱ्हाळासारखी जागा नाही. चुलवाणातून उडालेल्या ठिणगीचं टेम्परेचर काहिलीतल्या रसाहून कितीतरी जास्त, तरी ती हातावर पडली तर झटकून टाकता येते. उकळत्या रसाचा तांब्या कलंडला तर थेट दवाखाना. ठिणगी इवलीशी, तिच्यात हीट नावापुरतीच. तिथंच उभं राहून 'व्हिस्कॉसिटी', म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध, हीही शिकून घ्यावी: रसाची काकवी होते, काकवीचा पाक, आणि गुळव्याचा हात ढवळताना जड होत जातो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे तो बघतो. पाक किती घट्ट झाला याचीच ती परीक्षा, फक्त 'व्हिस्कॉसिटी' हा शब्द त्याच्या कामी येत नाही.

आणि तालमीत दोन मल्ल खांद्याला खांदा भिडवून पाच मिनिटं तटून राहिले, घामानं माती भिजली, पण कुणी तसूभर हललं नाही, तर पुस्तकाच्या हिशेबानं एकानं दुसऱ्यावर केलेलं वर्क शून्य. हे पाठ करावं, वहीत लिहावं. हौद्याच्या काठावर उभं राहून मोठ्यानं म्हणू नये.